संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय

आमच्या घरात गुपित असं काही नव्हतं, कारण आमच्या घरात फोन होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. त्या वेळी साताऱ्यात फोनसाठी नंबर लावायचा आणि विसरून जायचं, अशी पद्धत होती. आमचा नंबर सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, मी लग्न होऊन यायच्या आधी लावला होता. फोन आला तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती! खांबावरून वायर आली, काळं यंत्र आलं, मी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं (इतकं घट्ट, की पहिला आठवडाभर घंटी वाजायची ती खोकल्यासारखी), आणि आमच्या ह्यांनी आनंदाच्या भरात सगळ्या गल्लीला पेढे वाटले. तिथेच चुकलं. ज्या ज्या घराने पेढा खाल्ला, त्या त्या घराने आमचा नंबर आपला समजला.

हल्लीच्या मुलांना पी.पी. नंबर म्हणजे काय ते सांगून पटत नाही. स्वतःकडे फोन नसला तर शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचं. या दोन अक्षरांचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता, पण हक्क सगळ्यांना माहीत होता. लग्नपत्रिकांवर आमचा नंबर. कोपऱ्यावरच्या स्टोव्ह रिपेअरवाल्याच्या पाटीवर आमचा नंबर. एकदा मी एस.टी. स्टँडवर हरवलेल्या म्हशीची जाहिरात वाचली, तर खाली आमचा नंबर! म्हैस कुणाची ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण तिच्यासाठी फोन मात्र मी घेतले.

आणि मग गल्लीतलं सगळं आमच्या बैठकीत यायला लागलं. कुणाचा मुलगा पुण्यात नापास झालाय आणि घरी पास म्हणून सांगतोय. कुणाची सून माहेरी गेलीय ती बाळंतपणाला नव्हे, रागाने. मी मुद्दाम कधी ऐकलं नाही हो. पण आपल्याच घरात माणसाने आपले कान ठेवायचे कुठे? शिवाय माझ्या पोटात गोष्ट राहते, याचा मला अभिमान होता. तसं मी सगळ्यांना सांगतही असे. (उदाहरणं देऊन!)

आप्पांना मात्र हे सगळं सोसवत नव्हतं. त्यांची हयात टपाल खात्यात गेलेली. पोस्टकार्ड हातात आलं तरी मजकुराची बाजू पालथी धरून पत्ता तेवढा वाचायचा, अशी त्यांची शिस्त. दुसऱ्याचं पत्र वाचणं आणि दुसऱ्याच्या ताटातलं खाणं त्यांच्या लेखी एकच. अशा माणसाच्या घरात फोन आला आणि पाठोपाठ टेलिफोनचं जाडजूड डिरेक्टरी पुस्तक आलं. आप्पांनी ते उघडलं, आणि त्यात स्वतःचं नाव बघून ते ताडकन उभे राहिले.

"माझं नाव, माझा पत्ता, माझा नंबर! आणि मला न विचारता! उद्या कुणीही उठेल आणि दारात येईल!"

दुसऱ्याच दिवशी प्रेशर कुकर विकणारा एक माणूस, त्यांना पूर्ण नावाने हाक मारत, खरोखरच दारात आला. आप्पांनी त्याला हाकललं, पायांत चपला सरकवल्या आणि टेलिफोनच्या कचेरीत जाऊन तक्रार केली. तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, पुस्तकात नाव छापून आलं म्हणून लोक आम्हाला पेढे आणून देतात, आणि तुम्ही तक्रार करता?"

"मी ग्राहक आहे. माझी माहिती माझी आहे. यावर काही नियम आहे की नाही?"

"नियम अजून झाला नाही. तुम्हीच करा," असं म्हणून कारकून चहाला गेला. त्या माणसाने हे गमतीने म्हटलं असणार. पण आप्पांना गंमत कळत नसे. त्यांनी ते मनात ठेवलं.

आता मंदाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. मंदा माझी नणंद. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सरळ मनाची, तोंडाने फटकळ, आणि घरात माझी एकुलती एक मैत्रीण. तिला बघायला पाटणचे लोक आले होते. शेजारच्या कुसुमकाकू पोहे करायला मदतीला आल्या होत्या. सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "मुलीला जरा चालून दाखवायला सांगा."

मंदाने हातातली बशी खाली ठेवली आणि गोड आवाजात म्हणाली, "दाखवते की. आधी मुलाला चालून दाखवू दे."

बैठकीत अशी शांतता पसरली की घड्याळाला स्वतःचीच लाज वाटली असेल. मुलगा बिचारा सरळ होता, तो अर्धा उठलाही! वडिलांनी शर्ट धरून त्याला खाली बसवलं. मंडळी पोहे अर्धवट टाकून निघाली. जाताना मात्र सगळेच्या सगळे पावलं जरा जपून टाकत होते.

"ही गोष्ट या चार भिंतींत राहील," आप्पा म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कुसुमकाकूंनी तर देवाशप्पथ घेतली.

त्यानंतर कोरेगावचं स्थळ आलं. चांगलं होतं. त्यांनी चौकशीसाठी आमच्याच नंबरवर फोन केला. आम्ही सगळे कुणाच्या तरी मुंजीला गेलो होतो. घरात कोण? तर फलटणहून लेकीचा फोन येणार म्हणून आमच्या बैठकीत ठिय्या देऊन बसलेल्या कुसुमकाकू! फोन वाजला. काकूंनी उचलला.

"अगं, काही वाईट नाही बोलले मी!" काकू नंतर मला सांगत होत्या. "तुमच्या मंदाचं कौतुकच केलं. म्हटलं, पोरगी गुणाची आहे. खोटं खपत नाही तिला. पाटणच्यांना कसं सरळ केलं, ते तेवढं सांगितलं."

"तेवढं सांगितलं?"

"म्हणजे... त्यांनी 'कसं?' म्हणून विचारलं. आता विचारल्यावर सांगायला नको? ते काय म्हणतील, शेजारी कसे आहेत!"

कोरेगावचा नकार संध्याकाळीच आला. फोनवरच. मंदाने स्वतः उचलला, 'बरं' म्हणाली, ठेवला, आणि वह्या तपासायला बसली. रात्री जेवली नाही.

आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून एक फळी आणली, काळा रंग दिला, वर पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक ब्रशने नियम लिहिले आणि ती पाटी फोनच्या वर ठोकली. संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची कोणतीही माहिती कोणासही देऊ नये. ज्याचा फोन असेल त्यानेच बोलावे, इतरांनी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जावे. चुकून काही ऐकू आल्यास ते विसरावे. असं बरंच होतं, मी काही सगळं वाचलं नाही. पाटी पुसायचं काम माझं, वाचायचं काम लोकांचं! ज्याच्या पोटात गोष्ट मुळातच राहते, त्याला नियम कशाला?

आप्पांनी गल्लीला बोलावून पाटी मोठ्याने वाचून दाखवली. किराणा दुकानवाले शंकरशेठ म्हणाले, "आप्पा, पर इचारल्यालं बी सांगायचं न्हाई म्हंजी लय अवघड हाय गड्या! मानूस मुका हुईल."

"होऊ दे मुका. माणसाची अब्रू वाचेल."

"आणि ज्याला नियम पाळायचे नसतील त्याने?" कुणीतरी मागून विचारलं.

"त्याने दुसरा पी.पी. नंबर शोधावा," आप्पा म्हणाले. दुसरा फोन पार पुढच्या पेठेत होता. गल्लीने एकमताने नियम मान्य केले.

मग सुरू झालं नियमांचं राज्य! कुणाचाही फोन आला की बैठकीतली सगळी माणसं उठून माझ्या स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटतेय आणि माझ्याभोवती स्टोव्ह रिपेअरवाला, त्याची आई, दोन पाहुणे, आमचे हे आणि मंदाच्या शिकवणीच्या चार मुली, सगळे भिंतीला टेकून गुपित पाळताहेत. आता गंमत अशी, की त्या काळी बाहेरगावच्या लायनीवर इतकी घरघर असायची की ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नसे. बैठकीतून कुसुमकाकू फलटणला ओरडायच्या, "जावईबापूंना म्हणावं मूळव्याधीवर ताक घ्या! ताक!"

स्वयंपाकघरात सगळे गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे. स्टोव्हवाल्याच्या आईला एकदा राहवलं नाही. "सुरण सांगा, काकू! सुरण!" ती आतून ओरडली.

"विसरा!" अंगणातून आप्पांचा आवाज आला.

अशा त्या कडक राजवटीत सांगलीचं स्थळ आलं.

आलं म्हणजे, मंदानेच आणलं म्हणायचं. शाळेतल्या बाईंच्या बहिणीचं सांगलीला लग्न होतं, तिथे ती गेली होती. पंगतीत शेजारी एक मुलगा बसला होता. संपत नाव. साखर कारखान्यात केमिस्ट. त्याने तिला विचारलं, "तुम्ही काय शिकवता?" आणि तिने जे सांगितलं ते जिलबी गार होईपर्यंत ऐकून घेतलं. एवढंच झालं. पण घरी येऊन मंदा कणीक मळताना गुणगुणायला लागली, आणि कणीक तिने आयुष्यात आपणहून मळली नव्हती!

पुढे रीतसर बोलणी सुरू झाली, माहितीचा कागद गेला. एक दिवस ती मला माडीवर घेऊन गेली. "वहिनी, पाटणचं त्यांना मी स्वतः सांगणार आहे. भेटल्यावर. ते माझं आहे ना? माझ्या तोंडून गेलं तर ते हसतील. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर कोरेगाव होईल. या वेळी कुणी बोलू नका. मला हे लग्न हवंय गं."

तिचे डोळे भरून आले होते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मंदा, माझ्या पोटात गोष्ट राहते." ती जरा गप्प झाली. मला वाटलं, भारावली.

चौकशीचा पहिला फोन आला तो संपतच्या मामांचा. मामा लष्करातले निवृत्त सुभेदार, सांगलीजवळच्या खेड्यातले. फोन आप्पांनी घेतला. आम्ही सगळे स्वयंपाकघरात.

"हॅलो! मी मुलाचा मामा बोलतुया, सांगलीस्नं!" मामांचा आवाज फोनमधून थेट आमच्यापर्यंत. "जरा चवकशी करायची हुती!"

"कशाची?"

"मुलीची!"

"आपण मुलाचे मामाच आहात, हे कशावरून?"

"आता फोनवर मिशी दावू का, आवं?"

"पुढे बोला."

"मुलीची उंची किती म्हनायची?"

"संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय सांगता येत नाही."

"आवं, पर तुमीच धाडल्याल्या कागदावर लिवलीया की! पाच फूट दोन!"

"मग विचारता कशाला?"

"बरं. स्वभाव कसा हाय पोरीचा?"

"ती माहिती तिची आहे. ती देईल."

"आनी घरात कोन कोन असतंय?"

"का?" आप्पांनी विचारलं, आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "बघा. एक शब्द गेला नाही." हे कपाळावर हात मारून घेत होते. मंदा पातेल्यात बघत उभी होती.

मामा लष्करी माणूस. समोरून वाट बंद असली की बाजूने जायचं, हे त्यांच्या रक्तातच. आठवड्याने ते स्वतः साताऱ्यात उतरले आणि आमच्या घरी न येता गल्लीत फिरले. हे आम्हाला कळलं ते शंकरशेठनी अभिमानाने येऊन सांगितलं तेव्हा.

"आप्पा, येक मिशीवाला आला हुता. तुमच्या घरचं इचारत हुता. काय बी सांगितलं न्हाई! साखर किती न्हेत्यात, त्ये बी न्हाई! म्हनलं, तुमी कोन? चला, फुडं व्हा!"

स्टोव्हवाल्याने त्यांना पंप मारत मारत एकच वाक्य ऐकवलं होतं, "नियम हाय." ज्या गल्लीत आजवर भाजीचा भावसुद्धा पोटात राहिला नाही, ती गल्ली तोंडाला कुलूप लावून बसली होती! आणि कुसुमकाकू? मामांनी त्यांना अंगणात गाठून विचारलं, "बाई, मुलीचं काय सांगन्याजोगं हाय का?" काकूंना ते सगळं इतकं सांगावंसं वाटलं, इतकं सांगावंसं वाटलं, की त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि नुसती मान हलवली. न बोलण्याच्या कष्टाने त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मामांनी ते पाणी बघितलं आणि पुढची एस.टी. धरली.

दोन दिवसांनी दुपारी फोन वाजला. हे कामावर, मंदा शाळेत, आप्पा बाहेर कट्ट्यावर. फलटणच्या फोनची वाट बघत कुसुमकाकू तेवढ्या बसल्या होत्या. मी नियमाप्रमाणे त्यांना हात केला, त्या नियमाप्रमाणे उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि मी फोन घेतला.

"ताई, मी मुलाचा मामा." आवाज पार पडलेला. "नकार कळवाय फोन केलाय. राग मानू नगा."

"अहो, पण का?" मी ओरडले. लायनीला घरघर तर होतीच.

"ताई, मी मिलिट्रीत मानूस. एवढी सगळी गल्ली गप बसतीया, म्हंजी काय तरी मोठं लपवलंय. त्या शेजारच्या बाई तर रडाय लागल्या वो! पोरीला काय दुखनं-बिखनं..."

"छे! छे! काहीही नाही!"

"मंग कुनाबरुबर..."

"अहो, भलतंच काय!" आता मला रडू फुटायच्या बेतात होतं. डोळ्यांसमोर मंदाची ती मळलेली कणीक. एवढं सोन्यासारखं स्थळ, आणि नियमापायी जायचं? मी ठरवलं, नियम मोडायचा नाही, पण गैरसमज तेवढा काढायचा. "मामा, हे बघा! लोक काहीही बोलतात! तुम्हाला कुणी पाटणचं काही सांगितलं असेल, तर विश्वास ठेवू नका!"

"पाटनचं काय?"

"तेच! ते चालून दाखवण्याचं!"

"कोन चाललं?"

"कुणीच चाललं नाही! तोच तर मुद्दा आहे! मुलगा नुसता अर्धा उठला होता! त्याच्या वडिलांनी त्याला खाली बसवलं!"

"कोन मुलगा?"

"पाटणचा! आणि मंदा काही त्याला मुद्दाम बोलली नाही! ते म्हणाले मुलीला चालून दाखवू दे, तर ती म्हणाली आधी मुलाला चालू दे! एवढंच! यात लपवण्यासारखं काय आहे? म्हणून तर आम्ही लपवलं!"

"आस्सं!" मामा म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. "मामा," मी जमेल तेवढ्या हळू ओरडले, "हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

"न्हाई, न्हाई," मामा म्हणाले. "तुमी कुटं काय सांगितलंसा!" आणि फोन बंद झाला.

त्यानंतर सांगलीहून काही म्हणजे काही कळेना. ना होकार, ना नकार. फोन वाजला की मंदा आधी उठून उभी राहायची, मग स्टोव्हवाल्याचं नाव ऐकून खाली बसायची. कणीक पुन्हा माझ्याकडे आली. "कुणी काही बोललं का गं?" तिने एकदा विचारलं. मी "छे!" म्हणाले, आणि माझ्या हातातली पोळी तव्यावर काळी ठिक्कर पडली. ह्यांचा तर सरळ कुसुमकाकूंवर संशय. त्यांनी काकूंना तोंडावर विचारलं, "काकू, परत तुम्हीच ना?" काकू उठून घरी गेल्या. मी त्यांच्याकडे वाटीभर शिरा पाठवला. दुसरं काय करणार? आप्पा मात्र कुणालाच काही विचारत नव्हते. एका दुपारी ब्रश धूत बसले होते, तेवढं मी पाहिलं.

आणि एका रविवारी, बघायला येतोय असा सांगलीचा निरोप आला!

आले. संपत, त्याचे आई-वडील, आत्या, आणि मागून मिशीला पीळ देत मामा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं, पण ते इतकं उघड टाळलं की त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं! दाराशी कुसुमकाकू आणि त्यांच्यामागे जमेल तेवढी गल्ली. मंदा पोह्यांच्या बश्या घेऊन आली. ओठ पांढरे पडलेले. आता स्वतःच सांगायचं, असं ठरवून आली होती ती. बसली. तोंड उघडलं.

तेवढ्यात संपत उठला. बशी बाजूला ठेवली, पँट जरा वर ओढली, आणि दारापासून फोनपर्यंत चालत गेला. तिथून वळला, परत आला. सगळ्यांच्या बश्या हातातल्या हातात. तो मंदासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एवढंच येतं. आता बसू?"

मंदाच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तिचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, "परत एकदा. लक्ष नव्हतं."

पहिल्यांदा हसले ते मामा. मग आत्या, मग सगळी बैठक. गल्ली तर इतकी हसली की दाराचा पडदा खाली आला. संपत खरोखर परत एकदा चालला! मंदा हसता हसता रडत होती. मीही रडत होते, पण माझं रडणं वेगळं होतं, कारण आता पुढचा प्रश्न येणार, हे मला दिसत होतं. तो ह्यांनीच विचारला.

"पण तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

मामांनी तोंड उघडलं. नजर माझ्यावर आली. मी पाटावर बसल्या बसल्या देवाचं नाव घेतलं.

"मी सांगितलं!" दारातून कुसुमकाकू म्हणाल्या.

मामांनी काकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय, व्हय. काकूंनीच." आणि पोह्यांत लिंबू पिळायला लागले.

लग्न सांगलीला थाटात झालं. आणि तिथे मला एक धक्का बसला. लग्न जमवलं म्हणून सांगलीकरांनी कुसुमकाकूंना मानाची साडी दिली. इरकली! काठ असा की डोळे दिपावेत! काकूंनी ती घेतली, डोक्यावरून पदर घेतला, आणि ती छातीशी धरून सगळ्या मांडवात फिरल्या. आणि मी? आयुष्यात एकदाच माझ्या जिभेने कुणाचं तरी भलं केलं होतं, आणि तेच मला बोलता येत नव्हतं! मी जेवणात वरण-भातावरच उठले.

साताऱ्याला परत आल्यावर मात्र राहवेना. मी काकूंच्या घरी गेले. साडी दोरीवर वाळत होती. (नवी साडी! वाळत! नुसती दाखवायला!) मी म्हटलं, "काकू, तुम्हाला एक सांगायचंय. मामांना ते सांगितलं ते..."

"तू. माहीत आहे मला."

"कसं?"

"अगं, त्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरातच होते की! नियमाप्रमाणे. इतकी ओरडत होतीस, गॅसवरचं दूधसुद्धा दचकून उतू गेलं. गॅस मीच बंद केला."

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

काकूंनी निवडायचे तांदूळ पुढ्यात ओढले. "माझं नाव कोरेगावपासून खराब झालंच होतं. अजून थोडं झालं असतं तर काय बिघडणार होतं? पण मंदाला तुझ्याशिवाय मैत्रीण नाही त्या घरात. तुझं कशाला खराब करायचं?"

मला खरोखर भरून आलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला. "काकू, साडी तुम्हालाच शोभते," मी म्हटलं, आणि जवळजवळ मनापासून म्हटलं.

"शोभणारच! न बोलता राहायला काय कमी त्रास झाला मला? पोट फुगलं होतं नुसतं!" त्यांनी तांदळातला एक खडा बाहेर टाकला. "आणि मला एकटीला काय म्हणतेस? तुझा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. शंकरशेठने गिऱ्हाइकं थांबवून ऐकला. पण एकाने तोंड उघडलं नाही हो! ऐकू आल्यास विसरावे. आप्पांनी तर त्याच आठवड्यात पाटीवर खाली नियम वाढवला. तू वाचला नाहीस?"

मी घरी आले. बैठकीत कुणी नव्हतं. खुर्चीवर चढून पहिल्यांदाच ती पाटी शेवटपर्यंत वाचली. सगळ्यांत खाली, आप्पांच्या बारीक, नेटक्या अक्षरात, रोज माझ्या फडक्याने पुसून लख्ख झालेला नियम होता:

'फोन वाजल्यास सूनबाईंनी स्वयंपाकघरात जावे.'

तेवढ्यात फोन वाजला. मी खुर्चीवरून उतरले आणि स्वयंपाकघरात गेले.